पानात न उतरलेलं फूल

आमच्या भाऊजींनी आयुष्यभर दुसऱ्यांचे दात केले. म्हणजे कवळ्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन लॅबमध्ये पाठवायचे. भाऊजी त्यावर मेण चढवायचे, त्या मेणात एकेक दात बसवायचे, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी करायचे, आणि शेवटी पॉलिशच्या चाकावर धरून ती कवळी अशी गुळगुळीत करायचे की जीभ फिरली तरी अडखळू नये. डॉक्टरांचं नाव व्हायचं, पेशंट फोटोत हसायचे, आणि भाऊजी मागच्या खोलीत भुकटीनं पांढरे होऊन बसलेले असायचे. मी एकदा विचारलं, "भाऊजी, तुमचं काम कुणाला दिसतं तरी का?" तर म्हणाले, "वहिनी, कवळी घातलीय हे लोकांना दिसलं, तर काम बिघडलं म्हणायचं." हे त्यांनी इतक्या निवांतपणे सांगितलं की माझंच डोकं तडकलं. माणसानं थोडं तरी मिरवावं. मी सिनेमाच्या तिकीट खिडकीत नोकरी केली. लोक माझ्याशी भांडायचे, टोमणे मारायचे, पण खिडकीच्या आत कोणीतरी बसलंय हे निदान त्यांना माहीत असायचं.

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात होते, अजून आहेत. त्यांचं लग्न एकदा जमत आलं होतं. ह्यांनी एका ओळखीच्या घरी भेट घडवून आणली होती. परत आल्यावर मी उत्साहानं विचारलं, कशी वाटली मुलगी? म्हणाले, "वरचा डावा सुळा जरा फिरलेला आहे, पण हसणं चांगलं आहे." मी कपाळावर हात मारून घेतला. तिकडूनही पुढे काही निरोप आला नाही. तासाभरात दोन वाक्यं बोललेल्या माणसाबद्दल तिनं तरी काय निरोप पाठवायचा?

व्हायोलेट घरात आलं तेही असंच, न बोलावता. एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं नूतनीकरण चाललं होतं आणि वेटिंग रूममधली एक मरतुकडी कुंडी टाकून द्यायला काढली होती. भाऊजींनी त्यातलं एक जिवंत पान देठासकट खुडलं, कवळीच्या डबीत ओल्या कापसावर ठेवलं आणि घरी आणून मातीत खोचलं. मला वाटलं, दोन दिवसांत फेकतील. दोन महिन्यांनी त्या देठाच्या तळाशी इवली इवली पानं फुटली. एका पानातून अख्खं झाड येतं, हे बघून हा माणूस जो खुळावला तो खुळावलाच.

आफ्रिकन व्हायोलेट ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. छोट्याशा कुंडीत मावणारं झाड, पानांना मऊ लव, पानं चारी बाजूंनी गोल पसरलेली आणि मधोमध फुलांचा झुबका. ऊन चालत नाही, गारठा चालत नाही, पानावर पाण्याचा थेंब पडला तर डाग पडतो. एवढे नखरे पहिल्यांदा घरी आलेल्या जावयाचेही नसतात. भाऊजींच्या मागच्या खोलीत हळूहळू लोखंडी मांडण्या आल्या, प्रत्येक फळीखाली ट्यूबलाइट आली, आणि पलंग सरकत सरकत असा कोपऱ्यात गेला की कूस बदलायची तर भिंतीची परवानगी घ्यावी लागेल. ह्यांनी एकदा कुरकुर केली. मी म्हटलं, राहू दे हो, दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, झाडंच लावतोय. पण खरं सांगायचं तर मलाही त्या खोलीचा जाच व्हायचा. आत गेलं की जोरात बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही, काही म्हणजे काही हलवायचं नाही.

या झाडाला पानांच्या बेचक्यांतून बारीक फुटवे येतात. ते राहू दिले की झाडाला तीन-चार शेंडे होतात, गोलवा बिघडतो, फुलं कमी येतात. म्हणून चांगला माळी ते दिसताक्षणी काढतो. भाऊजींचा नियमच होता, "एक कुंडी, एक शेंडा." दर रविवारी आंघोळ झाली की ते लॅबमधलं भिंग कपाळावर बांधायचे, मेण कोरायची आकडी हातात घ्यायचे आणि एकेक कुंडी भिंगाखाली ओढून फुटवे टिपून काढायचे. तीच आकडी, तोच हात, तीच हलकी हिसक्याची लकब. मी चहा घेऊन गेले की चिडवायचे, "तुमच्यासारखंच करून ठेवलंय झाडांना, बाजूला काही फुटू द्यायचं नाही." ते मान वर न करता म्हणायचे, "त्यामुळेच तर सरळ आहे सगळं." आम्ही दोघं हसायचो.

मग त्यांना नवं वाण काढायचा नाद लागला. एका फुलातली परागाची पिवळी पिशवी ब्लेडनं चिरायची, पराग दुसऱ्या फुलाच्या चिकट टोकाला लावायचा, देठाला रंगीत दोरा बांधायचा, आणि मग महिनोन् महिने वाट बघायची. एक हिरवं बोंड धरतं, ते वाळतं, आणि त्यातून निघतं ते बी कसलं, तपकिरी भुकटीच. भाऊजी कागदाच्या घडीतून ती भुकटी मातीवर पसरत होते तेव्हा एकदा आमचे हे दारातून असे शिंकले की एक अख्खी पिढी फरशीवर गेली. "चहा घेणार का विचारायला आलो होतो," एवढंच हे म्हणाले. भाऊजींनी फरशी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रागावता यायचंच नाही त्या माणसाला, हा एक मोठा दोष.

आणि एवढं करून यायचं काय? जांभळं. साधं जांभळं फूल, जे कुठल्याही नर्सरीत मिळतं. पुढच्या खेपेला जरा फिकट जांभळं. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यासारखं. मी म्हणायचे, सगळी आपल्या बापावर गेलीत, काय करणार. वर्षामागून वर्षं असं चाललं होतं. लॅबमध्ये भाऊजी दातांच्या रंगांच्या पट्टीवरून पांढऱ्याच्या पंधरा छटा ओळखायचे, आणि घरी येऊन जांभळ्यावर जांभळं फुलवायचे.

हे सगळं कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. गावात व्हायोलेट लावणाऱ्यांची एक छोटी संस्था आहे. वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवतात. भाऊजी दर वर्षी जायचे, भिंतीला धरून एक फेरी मारायचे आणि कुणाशी एक अक्षर न बोलता परत यायचे. एका वर्षी मला सोबत नेलं. प्रत्येक झाडासमोर एक कार्ड होतं. वर वाणाचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत ते वाण काढणाऱ्याचं नाव. भाऊजी एका कार्डासमोर इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं चष्मा बदलायला झालाय. बाहेर पडल्यावर म्हणाले, "वहिनी, तो माणूस वारलाय. बरीच वर्षं झाली. पण फुलाखाली नाव आहे त्याचं." एवढंच. त्यांनी तोंडानं आणखी काही मागितलं नाही, पण मला कळायचं ते कळलं. या माणसानं हजारो माणसांच्या तोंडात स्वतःचं काम घालून ठेवलं होतं आणि त्यांतल्या एकालाही ह्याचं नाव माहीत नव्हतं. त्याला एक, फक्त एक गोष्ट अशी हवी होती जिच्याखाली त्याचं नाव लिहिलेलं असेल. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली आणि थोडा धाकही वाटला. ज्यानं आयुष्यात काही मागितलं नाही, त्याचं एवढं एक मागणं राहिलं तर काय, या विचाराचा धाक.

संस्थेचा नियम सोपा होता. नवं फूल आलं की त्या झाडाचं पान लावायचं. त्यातून आलेली झाडं फुलली की त्यांचं पान लावायचं, मग पुन्हा एकदा. अशा तीन पिढ्या फूल जसंच्या तसं आलं, की ते वाण. मग पान, पाकळी, रंग, आकार असं सगळं वर्णन लिहून द्यायचं, आणि संस्था ते आपल्या यादीत घेणार.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी लॅबमध्ये दात कापणारं मशीन आलं. संगणकावर जबडा दिसतो, मशीन दात कोरून देतं. मालकांनी भाऊजींना छान समारंभ करून निरोप दिला. शाल नाही, हार नाही, एक घड्याळ दिलं. घरी आल्यावर ते घड्याळ खोक्यासकट कपाटावर गेलं आणि भाऊजी मागच्या खोलीत गेले.

आणि त्याच हिवाळ्यात ते फूल आलं.

सकाळी मी पोळ्या लाटत होते. भाऊजी अनवाणी स्वयंपाकघरात आले. हा माणूस घरातही चपलेशिवाय फिरत नाही. "वहिनी, जरा येता?" आवाज असा की मला वाटलं छातीत दुखतंय. पिठाचे हात तसेच घेऊन मी धावले. खालच्या फळीवर, कोपऱ्यात, एका रोपावर एकच फूल उमललं होतं. पाकळ्या पांढऱ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या मधून एक जांभळा पट्टा, मध्यापासून बाहेर निघालेला. पाचही पाकळ्यांना. सगळं मिळून एखादं चक्र फिरता फिरता थांबावं तसं दिसत होतं. मला फुलांतलं काही कळत नाही, पण मी गप्प झाले, आणि मी गप्प होणं ही काही साधी गोष्ट नाही. भाऊजी म्हणाले, "असं कुठंच नाही. मी सगळ्या याद्या बघितल्यात. असं जांभळं कुठंच नाही." मी म्हटलं, "भाऊजी, जमलं की हो तुम्हाला!" त्यांचे डोळे भरून आले. मग ते वळले आणि भिंग शोधायला लागले, जे कपाळावरच होतं.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? फूल घेऊन संस्थेच्या सेक्रेटरीबाईंकडे जाईल. मी तेच सांगितलं. भाऊजी म्हणाले, "अजून नाही." मी म्हटलं, निदान वर्णन तरी लिहून ठेवा. तेही नाही. लॅबमध्ये त्यांची पद्धत होती, कवळी पेशंटच्या तोंडात बसल्याचा डॉक्टरांचा निरोप आल्याशिवाय कार्डावर रंगाचा आकडा लिहायचा नाही. "आधी बसू दे, वहिनी. मग लिहू. आधी लिहिलं की हात तिकडे ओढतो." मला हे पटलं नाही, पण त्यांच्या कामात मी काय बोलणार? ह्यांनी फोनवर दोन फोटो काढले. फोटोत पट्टे निळे आले. भाऊजींनी बघितले आणि म्हणाले, हे ते नाही.

मग त्यांनी पहिलं पान लावलं. वर्ष गेलं. पानातून तीन रोपं आली, वाढली, फुलली. पांढरी. साधी पांढरी, पट्टा नाही, काही नाही. भाऊजी म्हणाले, पान जुनं निवडलं. दुसरं लावलं, मधल्या ओळीतलं. पुन्हा पांढरं. मग दोन पानं एकदम. मग वेगळी माती. मग वेगळा उजेड. प्रत्येक वेळी महिनोन् महिने थांबायचं, आणि शेवटी कळी उघडायची ती कोऱ्या कागदासारखी. आणि मूळ झाडाची पानं एकेक करून कमी व्हायला लागली. खालून उघडं पडलेलं खोड, वर चार पानांचा शेंडा, अशी त्याची दशा झाली. फुलं येणंही बंद झालं. मी म्हटलं, "भाऊजी, त्याला जरा दम खाऊ द्या." ते म्हणाले, "दम खायला माझ्याकडे वेळ कुठं आहे?" एवढं चिडून ते पहिल्यांदाच बोलले. मला बरंच वाटलं, माणूस चिडला तर. पण चिडणं त्या एका वाक्यापुरतंच होतं.

आणि या सगळ्या काळात, दर रविवारी, आंघोळ झाल्यावर, ते भिंग बांधून सगळ्या झाडांचे फुटवे काढत होते. त्या झाडाचेसुद्धा. उलट त्याचे जास्त काळजीनं. त्याची ताकद वाया जाऊ नये म्हणून.

शेवटी मीच त्यांना सेक्रेटरीबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः ओढत नेलं. भाऊजी दारात उभे, आत जायचं म्हटलं की यांचं घोडं अडलेलं. सेक्रेटरीबाई उंच, मोकळ्या स्वभावाच्या, हाताला माती लागलेली. त्यांनी फोनवरचा फोटो पाहिला आणि लगेच खुर्चीतून पुढे वाकल्या. "अहो, हे चक्राचं फूल आहे! बीपासून आलं? बीपासून असं येणं म्हणजे... अहो, माझ्या उभ्या आयुष्यात मी ऐकलं नाही." भाऊजींच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला तिथंच उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग भाऊजींनी हळूच विचारलं, "पण पानात का उतरत नाही?"

"चक्राचं फूल पानात उतरतच नाही," त्या म्हणाल्या. या झाडात म्हणे दोन वेगळ्या जातींचे थर एकावर एक असतात, एक पांढऱ्याचा, एक जांभळ्याचा. पान लावलं की एकच थर पुढे जातो. दोन्ही थर एकत्र जातात ते फक्त फुटव्यांत. "म्हणून अशा झाडांची वाढ फुटव्यांवरच करायची, यादीसाठी पिढ्याही त्यांच्याच धरतात. तुम्ही फुटवे ठेवलेत ना?"

भाऊजी आपल्या बोटांकडे बघायला लागले. मला त्यांचे सगळे रविवार आठवले. बाईंनी पुन्हा विचारलं, "एखादा तरी?" भाऊजी म्हणाले, "मी झाड स्वच्छ ठेवतो." बाईंना कळलं. भल्या बाई. लगेच म्हणाल्या, "अहो, आम्हीही तेच केलं असतं. सगळ्यांना तेच शिकवलंय." पण त्यानं काय होतंय? रस्त्यानं येताना भाऊजी माझ्या पुढे चालत होते, आणि नेहमी हळू चालणारा माणूस इतका भराभर चालत होता की मला धाप लागली. एका कोपऱ्यावर थांबले आणि म्हणाले, "वहिनी, किती काढले असतील मी?" मी म्हटलं, "मोजू नका." दुसरं मी काय सांगणार होते?

बाईंनी एक उपाय सांगितला होता. शेंडा कापायचा. कापलेला शेंडा वेगळा रुजवायचा, आणि खालचं खोड शेंड्याविना राहिलं की ते आपोआप फुटवे काढतं. निरोगी झाडाला हे सहज जमतं. हे झाड निरोगी नव्हतं, हे बाईंनाही माहीत होतं आणि भाऊजींनाही. पण नाही कापलं तरी ते किती दिवस टिकणार? भाऊजींनी ब्लेड उकळलं आणि कापलं. मी दारात उभी होते. त्यांचा हात अजिबात हलला नाही. मशीन येण्याआधी डॉक्टर त्यांच्याकडेच साचे का पाठवायचे ते मला तेव्हा समजलं.

शेंडा काचेच्या बरणीत ठेवला होता. दोन आठवड्यांत मधून काळा पडला, आणि एका सकाळी उचलला तर हातात चिखल आला. भाऊजींनी बरणी धुतली. खोड तेवढं राहिलं. बोटाएवढं खोड, बाजूला दोन पानं, मधे कापल्याची खूण. ते त्यांनी सगळ्यांत चांगल्या उजेडाच्या फळीवर ठेवलं, बाकीच्या उत्तम झाडांच्या रांगेत. आम्ही सगळे त्या खोडाकडे बघायला लागलो. आमचे हे, ज्यांना गुलाब आणि जास्वंद वेगळं ओळखता येत नाही, तेसुद्धा सकाळी पेपर वाचायच्या आधी खोलीत डोकावून विचारायचे, "काय म्हणतंय?" भाऊजी म्हणायचे, "काही नाही." रोज काही नाही. मी मनातून आशा सोडली होती. तोंडावर मात्र तसं दाखवलं नाही, एवढंच.

तेवढ्यात प्रदर्शन जवळ आलं. सेक्रेटरीबाईंचा फोन आला, बाकीची झाडं तरी आणा, लोकांना बघू द्या. भाऊजी पहिल्यांदाच हो म्हणाले. बहुतेक बाईंना नाही म्हणवलं नसेल. रविवारी आंघोळ झाल्यावर त्यांनी भिंग बांधलं आणि रांगेतली झाडं एकेक करून तयार करायला घेतली. पिकलेली पानं काढायची, धूळ ब्रशनं झाडायची, फुटवे टिपायचे. भिंगातून काय दिसतं? एक बेचका. झाड दिसत नाही, कुंडी दिसत नाही, नुसता एक बेचका आणि त्यात हिरवा ठिपका. हात पुढची कुंडी ओढतो, आकडी आत जाते, हिसका बसतो.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ते तसेच बसले होते. भिंग डोळ्यांवर, आकडी हातात. समोर ते खोड. टेबलावरच्या पांढऱ्या फडक्यावर इतर फुटव्यांच्या बाजूला एक वेगळा ठेवलेला होता, तिळाएवढा, फिकट हिरवा.

"वहिनी," ते म्हणाले, "आलं होतं."

मला आधी कळेचना. मग कळलं. मी चहा खाली ठेवला आणि काय वाट्टेल ते बोलले. म्हटलं, एक आलं तर दुसरं येईल, मुळं जिवंत आहेत म्हणजे येणारच, तुम्ही काय मुद्दाम केलंत का. ते म्हणाले, "येईल." त्यांनी तो तिळाएवढा फुटवा ओल्या शेवाळात ठेवला, वर काच झाकली. तो फारच लहान होता, त्याला मूळ धरायला काहीच नव्हतं. चार दिवसांत तपकिरी झाला. खोडाला दुसरा फुटवा आला नाही. दोन पानं होती ती एकेक करून लोंबली. भाऊजींनी कुंडी उलटी केली तेव्हा मुळांच्या जागी काही नव्हतंच. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता. ते म्हणाले, "हातानं केलं, वहिनी. मी नाही. हातानं." आणि मग स्वतःच मान हलवली, कारण हात काही दुसऱ्या कुणाचा नव्हता.

प्रदर्शनाला ते गेले नाहीत. सेक्रेटरीबाई स्वतः घरी आल्या. झाड गेलं म्हटल्यावर मागच्या खोलीत जाऊन रिकामी कुंडी बघून आल्या. मग म्हणाल्या, यादीत घेता येणार नाही, नियम आहे. पण वार्षिक अंकात एक पान असतं, कुणाकडे काय आलं होतं आणि टिकलं नाही, त्याचं. "तुम्ही नीट वर्णन लिहून द्या. फोटो नको, फोटोत जांभळ्याचं निळं होतं. तुमच्यासारखं रंग ओळखणारं आमच्यात कोणी नाही. खाली तुमचं नाव छापू." भाऊजींनी मान डोलावली. बाई गेल्यावर मीच कोरा कागद आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, पेन ठेवलं, आणि भाजी निवडत समोर बसले. मला मनापासून वाटत होतं, चला, एवढं तरी.

पान, आकार, देठ, लव, हे सगळं त्यांनी भराभर लिहिलं. मग पाकळीवर आले आणि थांबले. झाड फुलायचं थांबून दोन वर्षं होत आली होती.

"वहिनी, तो पट्टा कडेपर्यंत जायचा की अलीकडे थांबायचा?"

"कडेपर्यंत," मी ठासून म्हटलं. मी सगळं ठासूनच म्हणते.

त्यांनी कागदावर बोटानं एक पट्टा ओढून बघितला. "मला वाटतंय अलीकडे थांबायचा. थोडी पांढरी कड राहायची."

मी आठवायला लागले. पिठाचे हात आठवले, फळी आठवली, त्यांचे भरलेले डोळे आठवले. पट्ट्याचं टोक काही केल्या आठवेना. "बरं, अलीकडे असेल," मी म्हटलं.

"असेल नको, वहिनी." ते थोडा वेळ डोळे मिटून बसले. "आणि रंग? त्यात लाल जास्त होता की निळा?"

मी भाजी खाली ठेवली. बाहेरच्या खोलीत ह्यांना हाक मारली. म्हटलं, "अहो, भाऊजींच्या त्या फुलाचा पट्टा आठवतोय का तुम्हाला? कसा होता?"

हे पेपर हातात घेऊन दारात आले आणि म्हणाले, "जांभळा होता ना?"

"हो," भाऊजी म्हणाले. "जांभळा होता."

ते पुन्हा कागदाकडे वळले. खूप वेळ पेन टेकवलेलं होतं. मग लिहिलं, पाकळ्या पांढऱ्या, मधून जांभळा पट्टा. मी समोरूनच उलटं वाचलं. असं वर्णन लागू पडेल अशी कितीतरी फुलं त्या संस्थेच्या यादीत आधीपासून आहेत, दुसऱ्यांच्या नावावर. हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला, एकही शब्द बदलला नाही, आणि खाली स्वतःचं नाव न लिहिता तो माझ्याकडे सरकवला.